कोकणात ग्रो रूमच्या भिंतींना काय लावायचं? आधी ओल बघा, मग चकाकी

घरातल्या एखाद्या खोलीत एलईडी लावून मायक्रोग्रीन्स, लेट्यूस नाहीतर मिरची-वांग्याची रोपं करायची म्हटली की पहिला प्रश्न भिंतींचा, आणि नेटवर बघायला गेलं की जो तो मायलर मायलर करतो, म्हणजे ती आरशासारखी चकचकीत चंदेरी फिल्म, ९० टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकतो म्हणे. फेकतो की, पण नवा, ताणून बसवलेला आणि कोरडा असला तर. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे पाकिटावरचे टक्के वाचून काही होत नाही.

म्हणून आधी ओल तपासा. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोनेक दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला धरलं तर ती हवेतली. हे पावसातच करायचं हां, एप्रिलमध्ये केलंत तर भिंत एकदम शहाणी निघेल. जांभा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे चिऱ्याच्या जुन्या घरात, त्यातून पावसाच्या तोंडावरची भिंत असेल तर, ओल आतूनच निघते बहुतेक. अशा भिंतीला कुठलीही फिल्म चिकटवायची नाही, मागे पाणी कोंडतं, कुबट वास सुटतो आणि फिल्म काढाल तेव्हा मागे काळी बुरशी.

दुसरं म्हणजे खोलीच्या चारी भिंती मढवायची गरज नसतेच. रॅक मधोमध आणि भिंत चार फुटांवर असेल तर तिथे पोचेपर्यंत प्रकाश पसरून पातळ झालेला असतो, तो परत येऊन येऊन किती येणार? त्यापेक्षा रॅकलाच तिन्ही बाजूंनी पडदे सोडा, पानांपासून वीतभर अंतरावर, आणि पुढचा पडदा वेलक्रोने उघडता येईल असा करा. खर्च कमी, ओल्या भिंतीशी संबंधच नाही, पंख्याची हवा खेळायला वर-खाली फट ठेवली की झालं.

आता पडद्यासाठी काय घ्यायचं. माझं मत विचाराल तर काळी-पांढरी पॉलिथिन फिल्म, पांडा फिल्म म्हणतात ती, साधारण १२५ मायक्रॉनची. पांढरी बाजू आत. ती प्रकाश सगळीकडे विखरून देते त्यामुळे सुरकुती पडली तरी बिघडत नाही, काळी बाजू प्रकाश बाहेर जाऊ देत नाही, आणि मुख्य म्हणजे साबणाच्या पाण्याने पुसता येते, गंजायला त्यात काही नाही. मायलर म्हणजे पॉलिस्टरवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, खाऱ्या दमट हवेत तो कडेने आणि ओरखड्यांतून जायला लागतो आणि जाईल तिथे फिल्म आरपार दिसते. समुद्रापासून आत, कोरडी खोली असेल तर खुशाल घ्या, पण ५० मायक्रॉनच्या खाली नको, ते इमर्जन्सी ब्लँकेटवालं पातळ तर नकोच. आणि ब्लीचने पुसू नका, ॲल्युमिनियम खातं ते.

गावात काहीच मिळत नसेल तर कृषी सेवा केंद्रात कलिंगडाला घालतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर मिळतो, २५-३० मायक्रॉनचा. पांढऱ्याइतका उजेड देत नाही, फाटतोही लवकर, पण एक हंगाम निघतो. किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल नको, चुरगळते, पुसता येत नाही आणि वीज वाहते, त्यात आपल्याकडे वायरी लोंबकळत असतात. थर्मोकोल पांढराशुभ्र असतो पण पेट घेतो, एलईडीला वीज पुरवणारा डबा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात तो, आणि बोर्ड यांच्याजवळ तर अजिबात नाही.

भिंतीच वापरायच्या असतील तर सिमेंटच्या कोरड्या भिंतीला पांढरा मॅट रंग, चिऱ्याच्या भिंतीला चुना. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि बुरशीला तो मानवत नाही. फक्त त्यात नीळ घालायची नाही! गवंडी सवयीने टाकतोच, डोळ्याला भिंत जास्त पांढरी वाटते पण निळीत लाल-पिवळा प्रकाश जिरतो आणि लाल तर झाडांना हवा असतो. हे काम मेपर्यंत उरकायचं, गणपतीच्या रंगकामाबरोबर काढलंत तर वाळणार कधी.

भिंतीसमोर फिल्म लावायचीच असेल तर एक इंचाच्या रिपा ठोकून त्यावर लावा, मागून हवा फिरली पाहिजे. लाकडी रिपांना वाळवी लागते, पीव्हीसी पाइप किंवा ॲल्युमिनियम पट्टी बरी, आणि साध्या स्टेपलच्या पिना गंजून फिल्मवर तांबडे ओघळ येतात म्हणून स्टेनलेस स्टीलच्या नाहीतर पितळी चुका.

लावल्यावर फरक पडला का ते मोबाइलच्या लक्स मीटरवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या ॲपवर बघा. आकडा नेमका नसतो, पण तोच दिवा, तोच मोबाइल, त्याच ट्रेचा तोच कोपरा धरून आधी आणि नंतर मोजलं तर तुलना कळते. मधे नाही, कोपऱ्यातच मोजा, पडद्याचा फायदा तिथेच दिसतो. आकडा लिहून ठेवा आणि महिना-दोन महिन्यांनी परत बघा, उतरला असेल तर आधी मऊ फडक्याने फिल्म आणि दिवा दोन्ही पुसा, तरीही वर आला नाही तरच नवीन आणायला जा.