नेत्रपेढीची नोंदणी: या चुका टाळा

प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर टांगलं की त्यावरची तारीख पुन्हा कुणी वाचत नाही. मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायद्याखालची नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान तीन महिने आधी जायला हवा. आम्ही एकदा अगदी शेवटी धावाधाव केली. पुन्हा नको रे बाबा.

अर्ज कोणता, यातही घोळ होतो. १९९४ च्या या कायद्यात ऊती (म्हणजे बुबुळ, त्वचा, हाडं वगैरे) आल्या २०११ च्या दुरुस्तीने, आणि सध्याचे नियम २०१४ चे. नेत्रपेढीला नमुना १५, त्वचा किंवा हाडं साठवणाऱ्या पेढीला नमुना १४. रुग्णालयाला किडनीरोपणाची परवानगी आहे म्हणून त्याच इमारतीतली त्वचापेढी त्यात आपोआप बसत नाही.

पण तपासणीत खरी पंचाईत होते ती रजिस्टरांमुळे. एका पेढीत फ्रिजचा तक्ता पाहिला: महिनाभर, सकाळ-संध्याकाळ, ४ अंश. एकच पेन, एकच अक्षर, दिवाळीच्या सुट्टीसकट! बुबुळं २ ते ८ अंशांत ठेवतात, नोंद ३.६, ५.१, वीज गेली तेव्हा ७, अशी खालीवर दिसली तरच पटते. पारा ८ च्या वर गेला तर किती वेळ गेला आणि त्या बुबुळांचं काय केलं, तेही लिहा.

तपासनीस यायच्या आधी स्वतःच गेल्या वर्षीच्या कुठल्याही एका बुबुळाचा नोंद क्रमांक काढा. त्यावरून संमतिपत्र, दात्याच्या रक्ताचे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसचे अहवाल, आणि बुबुळ कुणाला बसवलं, इथपर्यंत पोचता येतंय का? गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते: उजव्या-डाव्या डोळ्याला एकच क्रमांक दिलेला असतो, किंवा नापास बुबुळ कुठे गेलं याची नोंदच नसते.

संमतिपत्राचं म्हणाल, तर दात्याचं नेत्रदानाचं जुनं प्रतिज्ञापत्र जोडून भागत नाही. नातेवाइकांचा नमुना ८ लागतो. रात्री दोन वाजता दारात उभ्या पुतण्याची सही घेऊन निघू नका. कायद्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत पुतण्या नाही, आत बसलेली दात्याची पत्नी आहे.

आणि पावती. ऊतींच्या खरेदी-विक्रीला एक ते तीन वर्षं कैद आणि पाच ते पंचवीस लाख दंड आहे. काढणं, जतन करणं, पोचवणं यांचा खर्च घेता येतो, पण पावतीवर ‘बुबुळाची किंमत’ छापलेलं असेल तर खुलासे करत बसावं लागतं. आमच्या कपाटात अशी दोन पावतीपुस्तकं रद्दचा शिक्का मारून पडली आहेत.