मनी ट्रीची पाने पिवळी पडू लागली तर काय करावे

मनी ट्री आणि मनी प्लांट ही दोन वेगळी झाडे आहेत आणि चुकीचे बरेचसे सल्ले या एका गल्लतीतून येतात. मनी प्लांट ही वेल आहे. ती बाटलीतल्या पाण्यातही वर्षानुवर्षे जगते. मनी ट्री, म्हणजे पचिरा अ‍ॅक्वाटिका, हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील दलदलीच्या व नदीकाठच्या प्रदेशातले मोठे झाड असून ते आपल्या काटेसावरीच्या कुळातले आहे. एका देठावर पंजासारख्या पसरलेल्या पाच ते सात पर्णिका आणि वेणी घातलेली खोडे, ही त्याची ओळख. दलदलीतले झाड असल्यामुळे त्याला भरपूर पाणी द्यावे, असे ठासून सांगणारे लोक भेटतात. परंतु ते झाड तिथे भर उन्हात, मोकळ्या जमिनीत मुळे पसरून वाढते. आपल्या दिवाणखान्यातल्या आठ इंची कुंडीत त्याला तेवढा प्रकाशही मिळत नाही आणि तेवढी जागाही मिळत नाही, म्हणून तेवढे पाणी त्याला पेलत नाही.

जागेचे फार अवघड नाही. पूर्वेच्या खिडकीजवळ, कोवळे ऊन मिळेल पण दुपारचे ऊन अंगावर येणार नाही, अशा ठिकाणी कुंडी ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा रात्री तिला उघड्या खिडकीपासून दूर घ्यावे.

पाने पिवळी पडू लागली की आधी नीट पाहावे. अगदी खालची एक-दोन जुनी पाने अधूनमधून पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा हिरवागार असेल, तर काहीही करू नये. ते त्यांचे वय आहे. कोवळी पाने पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर बोअरचे जड पाणी सतत दिल्याने झाडाला लोह शोषता येत नसावे. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी द्यावे आणि कृषी केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह वेष्टनावरील प्रमाणात वापरावे. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि पाठीमागे कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर ती लाल कोळी नावाची कीड आहे. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत ती झपाट्याने वाढते. पानांची पाठ पाण्याच्या धारेने धुवावी आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, कडुनिंबाच्या तेलाचे फवारे द्यावेत. कडा तपकिरी व कुरकुरीत आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली असेल, तर झाड खरोखरच तहानलेले आहे.

यांपैकी काहीच नसेल, खालची पाने एकामागून एक सबंध पिवळी होऊन लोंबू लागली असतील आणि माती ओलसर असेल, तर मुळे कुजू लागली आहेत असे धरून चालावे. मी स्वतः याच ठिकाणी अडखळले होते, म्हणून हे सविस्तर सांगते.

माझे पहिले मनी ट्री नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत गेले. बाहेर ४५ अंशांच्या वर तापमान असताना झाडाला तहान लागलीच असणार, असे समजून मी त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होते. पण ते झाड बाहेर नव्हते. ज्या खोलीत दिवसरात्र कूलर चालू होता, त्या खोलीत होते. कूलरमुळे हवा इतकी दमट होते की पानांतून पाणी फारसे उडत नाही आणि कुंडीतली माती आठ-आठ दिवस वाळत नाही. पाणी साचलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत. त्यामुळे भिजलेल्या मातीतच झाड तहानेने मान टाकते. ते पाहून मी आणखी पाणी घातले. हीच चूक मी पुढे अनेकांच्या घरी पाहिली आहे. एसीच्या खोलीत हवा उलट कोरडी असते, म्हणून ‘उन्हाळ्यात इतक्या दिवसांनी पाणी द्या’ हा कोणताही ठरावीक आकडा मी मानत नाही. उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत तळापर्यंत खुपसून दहा मिनिटे ठेवावी. तिचा खालचा अर्धा भाग कोरडा निघाला तरच पाणी द्यावे, ते तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत द्यावे आणि ताटलीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाकावे.

कुजण्याची शंका असेल तर वाट पाहू नये. कुंडी बदलण्याचा उत्तम काळ पावसाळ्याचा आरंभ हा आहे, पण कुजलेली मुळे जूनपर्यंत थांबत नाहीत. प्रथम प्रत्येक खोड तळाशी अंगठ्याने दाबून पाहावे. टणक असेल ते जिवंत. मऊ पडलेले किंवा साल सुटलेले खोड वाचत नाही आणि वेणीत ठेवले तर कूज शेजारच्या खोडांपर्यंत नेते. ते आतून कापून ओढून काढावे; उरलेली खोडे त्याच्यावाचून चांगली जगतात. नवीन आणलेल्या झाडाच्या वेणीला तार किंवा प्लास्टिकची पट्टी बांधलेली असू शकते, तीही याच वेळी काढावी, कारण खोड जाड होत गेले की ती सालीत रुतते.

मग झाड कुंडीतून काढून मुळांची माती पाण्याने धुवावी. पांढरट व घट्ट मुळे ठेवावीत. तपकिरी, बुळबुळीत आणि चिमटीत धरताच साल निसटणारी मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावीत. हात आखडता घेऊ नये. दयेपोटी ठेवलेले एक कुजके मूळ सगळी मेहनत वाया घालवते. निम्मी मुळे गेली असतील तर वरची काही पानेही कापावीत. कापलेले झाड तास-दोन तास सावलीत सुकू द्यावे.

नवी कुंडी मोठी घेऊ नये, हा माझा आग्रह आहे. मुळांच्या गड्ड्याभोवती दोन बोटे जागा पुरते. त्याहून जास्त माती म्हणजे मुळे पिऊ शकणार नाहीत इतके पाणी. आपली काळी माती यासाठी अजिबात वापरू नये, ती कुंडीत चिखलासारखी घट्ट बसते. लाल माती, धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर गांडूळखत मिसळावे. एकदाच बेताचे पाणी द्यावे आणि त्यानंतर काडीच्या तपासणीवरच चालावे. चहाची पूड, तांदळाचे पाणी, एप्सम मीठ यांपैकी काहीही आजारी मुळांवर घालू नये.

पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून ते देठासकट काढून टाकावे. पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांत शेंड्याला नवी पालवी दिसते. हिवाळ्यात मात्र फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागते. ते पहिले नवे पान पूर्ण उघडल्याशिवाय खत देऊ नये.