हनोईच्या दमट दिवसांत उपकरणे कशी जपावीत

हनोईत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्रावरून येणारी उबदार, ओलसर हवा थंडीत गारठलेल्या फरशीला आणि भिंतींना भिडली की घरात अक्षरशः पाणी सुटते. या हवामानाला तिथे ‘नोम’ म्हणतात. घर वाळावे म्हणून खिडक्या उघडण्याचा मोह अशा दिवशी आवरावा, कारण ओल बाहेरूनच येत असते. त्याऐवजी दारे-खिडक्या लावून एसी ‘ड्राय मोड’वर चालवावा.

लॅपटॉप गार लागत असेल आणि त्याच्या झाकणावर बोट फिरवल्यावर ओला माग उमटत असेल, तर तो लगेच सुरू न करता तासभर थांबावे. कॅमेरा, सुटे सर्किट बोर्ड, हौसेने जमवलेले कीबोर्ड यांसाठी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. नारिंगी दाणे हिरवे पडले की पाकिटावरील सूचनेप्रमाणे तापवून पुन्हा वापरावेत. तांदळाच्या डब्यात उपकरण पुरून ठेवण्याचा उपाय मात्र करू नये. त्याने पोर्टमध्ये पीठ तेवढे जाते.