घरी बिअर करताय? पहिल्याच किटला या चुका टाळा

इंग्लंडमधला मराठी माणूस घरच्या बिअरचं पहिलं किट, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी आणतो, तेव्हा एक चूक तो आईच्या स्वयंपाकघरातून सोबत घेऊन आलेला असतो. आंबवायचं म्हणजे उबेला ठेवायचं! थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आपण अव्हनचा दिवा लावून पातेलं आत सरकवतो. मीही तेच केलं. पहिली बादली थेट हीटरला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी फेस झाकणाला लागलेला पाहून मी खूश. महिन्याभराने बाटली उघडली तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, आणि एका ग्लासात डोकं धरलं.

पीठ एका रात्रीत आंबतं आणि सकाळी वाफवून संपतं. बिअर मात्र यीस्टचं केलेलं-सवरलेलं सगळं पोटात ठेवून बाटलीत जाते. एल जातीचं (बहुतेक किटांतलं) यीस्ट १८ ते २० अंश सेल्सियसला शांतपणे काम करतं. २५ अंशांच्या वर ते घाईला येतं, आणि डोकं धरणारी जड अल्कोहोलं आणि उग्र वास त्या घाईतून येतात. शिवाय आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली २० अंशांवर असली तरी बादलीच्या आत दोन-चार अंश जास्तच असतात. म्हणून तापमान बादलीचं मोजा, खोलीचं नको. पट्टीसारखा चिकटवायचा थर्मामीटर त्यासाठी पुरतो. बऱ्याच किटांच्या कागदावर २५च्या पुढेही चालेल असं छापलेलं असतं. चालतं, बिअर लवकर होते, पण चवीची हमी त्यात नसते. पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवा आणि भोवती ओला टॉवेल गुंडाळा. माठ गार राहतो त्याच कारणाने बादलीही राहते.

इथे कायद्याचं एक वाक्य. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, तेव्हा पुण्यातल्या भावाला किट पाठवू नका. आणि बिअर ‘गाळतात’ असं म्हणू नका. गाळणं म्हणजे ऊर्ध्वपातन, त्याला ब्रिटनमध्येही परवाना हवाच.

लोणच्याचा नियम

उबेच्या बाबतीत आईचं स्वयंपाकघर दगा देतं, पण स्वच्छतेच्या बाबतीत तेच वाचवतं. आई इथे आली होती तेव्हा मी बादलीत चमचा घालणार, तेवढ्यात तिने हात धरला, ‘‘अरे, बरणीत ओला चमचा घालतोस का कधी?’’ बस, एवढंच लक्षात ठेवायचं. घासून स्वच्छ करणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. आधी साबणाने धुऊन खळखळून काढा. मग बादली, झाकण, नळी, तोटी, चमचा, हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी काचेची नळी), जे जे थंड झालेल्या रसाला, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या माल्टच्या पाकाला लागणार ते सगळं सॅनिटायझरमध्ये बुडवा. न धुता चालणारा आम्लयुक्त सॅनिटायझर सगळ्यात सोपा. त्याचा फेस राहिला तरी घाबरू नका. तारेची घासणी मात्र प्लॅस्टिकच्या बादलीला कधीही लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात.

ब्लीच टाळलेलंच बरं. क्लोरीन उरलं तर बिअरला दवाखान्याचा, बँडेजचा वास येतो, आणि तो कितीही दिवस ठेवली तरी जात नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही हे होऊ शकतं. २३ लिटरला क्लोरीन घालवणारी अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून टाकली की प्रश्न मिटतो.

यीस्ट घालताना आणखी एक घोळ होतो. डब्यातला माल्टचा पाक उकळत्या पाण्यात विरघळवून वर गार पाणी ओततो, आणि उत्साहात लगेच पुडी फोडतो. आधी थर्मामीटर घाला. विरजण उकळत्या दुधात लावत नाहीत, तसंच हे.

साखरेबद्दल थोडक्यात. १.७ किलोच्या डब्याबरोबर १ किलो साधी साखर घाला असं कागद सांगतो. तशी बिअर होते, पण पातळ, पाणचट. निम्म्या साखरेऐवजी सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या पाकाची पूड) घातला तर अंगाला भरते. थोडा खर्च वाढतो, तो करावा.

बुडबुडे थांबले, मग भरू का?

नाही! माझी सगळ्यात महागडी चूक हीच. एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतले बुडबुडे हे घड्याळ नव्हे. झाकण नीट बसलं नसेल तर ते पहिल्या दिवसापासून येतच नाहीत, आणि काम संपल्यावरही तापमान चढलं तर येतात. मी सहाव्या दिवशी बुडबुडे थांबलेले पाहून बाटल्या भरल्या. दहा दिवसांनी रात्री जिन्याखालच्या कपाटात तीन काचेच्या बाटल्या फुटल्या. त्या रात्री कोणी कपाट उघडायला गेलं नाही, हे नशीब.

खरं उत्तर हायड्रोमीटर देतो. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो, साखर असली की जास्त. साध्या किटचा रस सुरुवातीला १.०४०च्या आसपास असतो आणि शेवटी १.०१०च्या जवळ येतो. सलग दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला, तरच भरा. दोन आकड्यांतला फरक १३१ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, म्हणजे वरच्या उदाहरणात साधारण ४. आकडा १.०२०वर अडला असेल, तर बादली थोडी उबदार जागी न्या, हलकेच हलवा आणि आठवडाभर थांबा. हीटरचं प्रेम दाखवायचंच असेल तर ते इथे, शेवटी.

बाटलीत गॅस यायला लिटरला साधारण ६ ग्रॅम साखर पुरते, अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३ ग्रॅम. ‘थोडी जास्त घालू’ हा चहाचा हिशेब इथे नको. एखादी बाटली प्लॅस्टिकची भरून ठेवा. ती दाबून पाहिली की आतला दाब कळतो. दगडासारखी कडक झाली तर सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये ढकला.

वास सांगतो ते ऐका

हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची आहे, तिला वेळ द्या. लोण्याचा आला तर यीस्टवरून लवकर काढली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर भरताना हवा मिसळली, पुढच्या वेळी नळी बाटलीच्या तळाला टेकवा. या सगळ्या गोष्टी ठीक असूनही कुबट वास येत असेल, तर बाटली हिरवी किंवा पारदर्शक होती का आणि ती उन्हात ठेवली होती का ते पाहा. प्रकाश हॉप्सला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांना) बिघडवतो, म्हणून तपकिरी बाटल्याच घ्या. बादलीत काठाला लागलेला तपकिरी चिकट थर नेहमीचा, त्याची काळजी नको. पृष्ठभागावर सायीसारखा पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा आला आणि चव आंबट-व्हिनेगरी झाली, तर ती बादली मोरीत ओता. जुनी नळी आणि तोटी टाकून नव्या आणा, दोन्ही स्वस्त मिळतात.