डबा चोरणारा वाचला, औषध घालणारा गेला

नवीन जॉइन झालेल्या पोरांसाठी लिहितोय, कारण इंडक्शनमध्ये हे कोणी सांगत नाही. पुण्यात आयटीत बरीच वर्षं काढलीत आणि फ्रीजमधून डबे गायब होणं प्रत्येक ऑफिसमध्ये बघितलंय. भेंडी, दोडका कोणी नेत नाही, जातं ते सोमवारी आणलेलं रविवारचं मटण नाहीतर एकादशीची साबुदाणा खिचडी, आणि उपासाच्या माणसाला खाली कॅन्टीनमध्ये दुसरं काही मिळत नाही मग डोकं फिरणारच ना.

आमच्या टीममधल्या एकाचं असंच फिरलं. त्याने खिचडीत जुलाबाचं औषध मिसळलं आणि टीमच्या ग्रुपवर टाकलं, "आज कळेल चोराला". दुपारी दुसऱ्या प्रोजेक्टचा एकजण बाथरूममधून बाहेरच येईना, शेवटी कॅब करून दवाखान्यात न्यावं लागलं. चोर सापडला म्हणून अर्धा फ्लोअर हसत होता, पण एचआरने संध्याकाळी बोलावलं ते आमच्यावाल्याला. "माझा डबा, मी त्यात काहीही घालीन" हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, पण तो मेसेज त्याचाच होता ना, स्क्रीनशॉट आधीच वर पोचला होता. चोराला वॉर्निंग लेटर, याला राजीनामा दे नाहीतर आम्ही काढतो.

अन्याय वाटतो ना? मलाही वाटला होता, पण कायदा बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 मध्ये 5000 रुपयांच्या आतली चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा म्हणजे समाजसेवा. आणि कलम 123, इजा करायच्या हेतूने कोणाच्या पोटात अपायकारक औषध जाईल असं करणं, त्याला 10 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. समोरच्याने चोरून खाल्लं हे तिथे फारसं कामाला येत नाही. तिखटाचंही तेच, तुम्ही रोजच जाळ खाता तर प्रश्न नाही, पण मुद्दाम कोणाला त्रास व्हावा म्हणून घातलंत आणि वर ग्रुपवर फुशारकी मारलीत तर संपलं.

अजून एक, आणि मला हे जास्त टोचतं. डबा गेला की पहिला संशय हाउसकीपिंगच्या मावशींवर. त्या व्हेंडरच्या, म्हणजे बाहेरच्या ठेकेदाराच्या पगारावर असतात, त्यांना ना शो-कॉज (कारणे दाखवा नोटीस) ना चौकशी, ॲडमिनचा एक फोन गेला की दुसऱ्या दिवशी वेगळ्याच साइटवर नाहीतर घरी. म्हणून पुरावा नसताना पॅन्ट्रीत मोठ्याने नावं घेऊ नका प्लीज.

मग करायचं काय, तर डब्यावर नाव आणि तारीख लिहा, दुसऱ्यांदा गेला की ॲडमिनला मेल टाका, तोंडी सांगू नका, आणि सीसीटीव्ही लगेच बघायला सांगा कारण जुनं फुटेज पुसलं जातं. बाकी डबा डेस्कखाली बॅगेत ठेवणं सगळ्यात सोपं, मी तेच करतो.

आणि कधी समोर राजीनाम्याचा कागद आलाच तर तिथल्या तिथे सही करू नका. एक दिवस मागा, सगळं मेलवर घ्या, रिलीव्हिंग लेटरमध्ये काय लिहिणार ते विचारा, पुढच्या कंपनीचं बीजीव्ही (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या कंपनीकडे तुमची चौकशी) होतं तेव्हा सोडण्याचं कारण आणि याला परत घ्याल का हे दोन्ही विचारतात.