केल म्हणजे पालक नव्हे! या चुका टाळा

ऑक्टोबर संपत आला की इथे हॅम्बुर्गच्या दुकानांत केल या पालेभाजीच्या पिशव्या लागतात आणि माझ्या फोनवर तक्रारी सुरू होतात. भाजी चिवट झाली. कडूजार झाली. घरभर उग्र वास सुटलाय, आणि खिडकी उघडावी तर बाहेर चार डिग्री. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच चूक निघते: हिरवं पान दिसलं की लावली पालकाची कृती.

पालक हा माठ-चाकवताच्या गोतातला. केल हा कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोलाचा सख्खा भाऊ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तर ही सगळी एकाच जातीची रूपं. त्यामुळे पान जाड, शीर दणकट, आणि शिजताना कोबीसारखा गंधकाचा वास येणारच. तुलना करायचीच असेल तर अळूशी करा. अळूचे आपण किती लाड करतो! देठ वेगळे सोलतो, पान वेगळं चिरतो, डाळ, दाणे, आंबट, गूळ घालून गरगटेपर्यंत शिजवतो. केललाही तेवढं द्या, मग बघा.

देठांसकट शिजवणं

हा माझा सर्वांत लाडका राग आहे, कारण ही चूक मी स्वतः पस्तीस माणसांसमोर केली आहे.

इथली पहिलीच दिवाळी. सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा होता आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पातळभाजी माझ्याकडे. पालक त्या दिवशी महाग होता. शेजारीच धुतलेल्या, चिरलेल्या केलच्या अर्ध्या किलोच्या पिशव्या स्वस्तात होत्या. घेतल्या चार. निवडायचं नाही, चिरायचं नाही, मला तर लॉटरीच लागली. डाळ शिजवून घेतली, केल टाकला, दहा मिनिटं उकळलं, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. रंग काय सुरेख आला होता!

पंगत बसली आणि थोड्या वेळाने सगळे नुसतेच चावत बसलेले दिसले. एका काकांनी ताटाच्या कडेला हिरव्या काड्यांची छान रांग लावली होती, शेवग्याच्या शेंगेचा चोथा लावतात तशी. जाताना ते अगदी प्रेमाने म्हणाले, "आमटी झकास होती हो. शेंगा जरा जून निघाल्या." मी मान डोलावली. पातेलं तीन चतुर्थांश भरलेलं घरी परत आलं.

त्या तयार पिशव्यांत पान आणि देठ सरसकट एकत्र कापलेले असतात. पान शिजून मऊ होतं तेव्हा देठ अजून काडीच असतो, आणि चिरलेल्यातून तो वेचून काढणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यापेक्षा वाईट. म्हणून मी आख्खी पानंच आणते. एका हातात देठाचं टोक धरायचं, दुसऱ्या हाताची बोटं देठावरून वर ओढायची; पान सर्रकन सुटून येतं. मेथी निवडायला बसतो तसं टीव्हीसमोर बसायचं. अर्ध्या किलोची दहा मिनिटं लागतात. एवढीही ज्यांना जड वाटतात त्यांनी खुशाल फ्रोझन मटार खावेत.

अर्धवट शिजवणं

त्या पातेल्याची कहाणी मी शेजारच्या आजींना सांगितली. "दहा मिनिटं?" त्या म्हणाल्या. "अगं, दहा मिनिटांत तर पाणी तापतं!" (जर्मन आज्या 'अगं' म्हणत नाहीत, पण सूर तोच.) उत्तर जर्मनीत केलला ग्र्यूनकोल म्हणतात आणि हिवाळ्यात तो कांदा आणि डुकराच्या चरबीत तास-दीड तास मंद शिजतो, दाटपणाला ओट घालतात. ब्रेमेन-ओल्डेनबुर्गकडे तर थंडीत लोक हातगाडीवर दारू लादून मैलोन्मैल चालत जातात आणि शेवटी खाणावळीत बसून केल आणि पिंकेल नावाचं सॉसेज हाणतात. त्याला कोलफार्ट म्हणतात. आपल्या हुरडा पार्टीसारखंच, फक्त बोटं गारठलेली.

मी त्यातून दोन गोष्टी उचलल्या: वेळ आणि स्निग्धपणा. केल एक तर दोन-तीन मिनिटांत परतून खा किंवा निवांत शिजवा. मधली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांत वाईट, पान धड कुरकुरीत नाही, धड मऊ नाही, आणि वास मात्र पुरेपूर. माझं नेहमीचं म्हणजे केलचं फदफदं. तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, थोडी हरभराडाळ आणि चिरलेली पानं कुकरला चार शिट्ट्या. मग घोटायचं, एक चमचा बेसन लावायचं, हिंग-मेथीदाण्याची सढळ फोडणी, आणि चिंच-गूळ सगळ्यात शेवटी. अळूला खाज म्हणून आपण चिंच आधीच घालतो. केलला खाज नाही, आणि आंबट आधी पडलं तर डाळ आणि पान दोन्ही शिजायला अडून बसतात, रंगही शेवाळी होतो.

तेलाला हात आखडू नका. कडूपणा मोडतो तो तेल, मीठ आणि आंबट यांनीच. काश्मिरात केलचा भाऊबंद हाक पिढ्यान्‌पिढ्या मोहरीचं तेल, हिंग, मिरची, मीठ आणि पाणी एवढ्यावर शिजतो, आणि तिथे कुणी तेल मोजत नाही. पीठ पेरून केलची भाजी फार छान होते, पण एका चमच्यात करायला गेलात तर बेसनाचा भुगा आणि पाल्याचा पाचोळा वेगवेगळे खाल.

कच्चा खायचा तर चुरायला हवा. बारीक चिरा, मीठ, लिंबू आणि चमचाभर तेल घालून दोन-तीन मिनिटं हाताने कणीक तिंबल्यासारखा मळा. पान गडद होऊन निम्म्यावर येतं. मग दाण्याचं कूट आणि वर गरम फोडणी. न चुरता कोशिंबीर वाढणाऱ्यांकडे मी आता फक्त पोळी-भाजी जेवते.

चिप्सची घाई. पानं ओली असतील तर ती भाजत नाहीत, वाफवली जातात. धुऊन पंचावर तासभर पसरा. ओव्हन 150 डिग्री, पंखा चालू असेल तर 135, एकाच थरात दहा-पंधरा मिनिटं. "मी 200 वर लावते, पटकन होतात," असं एका मैत्रिणीने सांगितलं होतं. पटकन झाले खरे. धुराचा अलार्मही पटकन झाला. मीठ नंतर घाला, आणि मिठाऐवजी मेतकूट भुरभुरवलंत तर मला दुवा द्याल.

मीठ पान आळल्यावरच. टोपलीभर पाला बघून घातलेलं मीठ वाटीभर भाजीत मावत नाही.

हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका. रंग राहतो, भाजी बुळबुळीत होते आणि चव जाते.

कुरळ्या पानाच्या घड्यांत मावा लपतो. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उलटी बुडवून ठेवा, मग तीन पाणी. पिशवीवर 'धुतलेला' लिहिलं असलं तरी.

थंडी पडण्याआधीचा केल जास्त कडू लागतो. शेतात उभ्या रोपाला गारवा लागला की पानात साखर साठते, म्हणून इथले जुने लोक पहिल्या हिमाची वाट बघतात. हे ऐकून काही हुशार मंडळी तोडलेला केल रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. तोडलेलं पान त्याने मऊ पडतं, गोड होत नाही. माझी ती दिवाळीची पिशवी ऑक्टोबरातली होती, तेव्हा थोडा दोष हवामानालाही देते.

पहिल्यांदा करत असाल तर कुरळा सोडा, काळपट लांब पानांचा इटालियन केल घ्या. तिकडे त्याला 'काळा कोबी' म्हणतात. पान चपटं, धुवायला सोपं, लवकर शिजतं. भजीला मात्र कुरळाच, त्याच्या झालरीत पीठ छान धरतं.

घरात कुणी वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल तर उत्साहाने रोज पातेलंभर केल सुरू करू नका. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि गोळीचा हिशेब बिघडतो. आधी डॉक्टरांना विचारा.

सकाळी केल-सफरचंदाची स्मूदी पिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आणि ते काढलेले देठ टाकायचे नाहीत. अगदी बुडखा तेवढा कापायचा, बाकीचे बारीक चिरून तेलात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर दाण्यांबरोबर खरपूस परतायचे, मीठ-लिंबू घालून मिक्सरला जाडसर फिरवायचे. दोडक्याच्या शिरांच्या चटणीची धाकटी बहीण. त्या काकांना गेल्या वर्षी भाकरीबरोबर वाढली, दोनदा मागून घेतली. कशाची आहे ते अजून सांगितलेलं नाही.