वाळुंज कसा ओळखावा: पुण्याच्या नदीकाठी विलोची ओळख

वाळुंज हे आडनाव पुणे जिल्ह्यात सगळ्यांच्या कानावरचं. पुरंदर तालुक्यात या नावाचं गावही आहे. पण वाळुंजाचं झाड दाखवा म्हटलं की बहुतेक जण अडखळतात. बॅट ज्या विलोच्या लाकडाची होते, त्याच सॅलिक्स प्रजातीतलं हे झाड. या प्रजातीत जगभरात ४०० हून अधिक जाती आहेत, बहुतेक उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या, आणि त्यांचे आपसांत सहज संकर होतात. त्यामुळे हिमालयात किंवा युरोपात नवख्या माणसाची फार ओढाताण होते. आपल्या नदीकाठी आपसूक वाढणारा विलो मात्र एकच, वाळुंज, म्हणजे सॅलिक्स टेट्रास्पर्मा. म्हणून विलोशी ओळख करून घ्यायला पुण्यासारखी सोयीची जागा नाही, असं मला मनापासून वाटतं.

पाऊस सरून थंडी पडली की निघा. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही-पेन्सिल आणि चिखलात चालतील अशी पायताणं घ्या. मुळा-मुठेचा जो काठ अजून मातीचा राहिला आहे, तिथे पाण्यात मुळं बुडवून उभी असलेली मध्यम उंचीची झाडं शोधा. खोडाची साल खरखरीत, उभ्या भेगा पडलेली असते.

निघण्याआधी एक समज मात्र घरीच ठेवा: विलो म्हणजे लोंबत्या फांद्यांचं झाड. तसा लोंबणारा विलो मूळचा चीनमधला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला सॅलिक्स बॅबिलोनिका म्हटलं, कारण बायबलमधल्या बॅबिलोनच्या नदीकाठची झाडं हीच, असं त्याला वाटलं. ती झाडं बहुधा पॉप्लरची, म्हणजे विलोच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची होती. नाव चुकलं, पण नियमाप्रमाणे तेच कायम राहिलं. पुण्याच्या सोसायट्यांत लोंबत्या फांद्या आणि लालभडक ब्रशासारखी फुलं असलेलं झाड दिसतं ना, तो बॉटलब्रश. तो जांभळाच्या कुळातला, विलोशी त्याचं नातं नाही. आपल्या वाळुंजाच्या फांद्या तर मुळीच तशा लोंबत नाहीत.

आता पान हातात घ्या, पण तोडू नका, फांदीच जवळ ओढा. पान साधं, भाल्यासारखं, टोकाकडे निमुळतं. फांदीवर पानं एकाआड एक. वरून हिरवं, खालून पांढुरकं. वारा आला की सगळं झाड क्षणभर रुपेरी दिसतं. पानाची कड बारीक दातेरी असते. हे दाते भिंगाखाली नीट पाहून ठेवा, पुढे ते कामाला येतील.

तेवढ्यावर निकाल देऊ नका. नदीपात्रातल्या खडकांत शेरणी नावाचं झुडूप वाढतं, त्याची पानंही लांबट आणि अरुंद. ते एरंडाच्या कुळातलं. लांबट पान, चिवट फांदी हा वाहत्या पाण्यात तग धरण्याचा उपाय आहे आणि तो वेगवेगळ्या कुळांना स्वतंत्रपणे साधला आहे. पान अशी फसगत करतं, म्हणून कळी बघायची. विलोच्या कळीवर एकच खवला असतो, टोपडं घातल्यासारखा. पॉप्लरच्या कळीवर अनेक खवले, एकावर एक. विलो आणि पॉप्लर हे सख्खे शेजारी वेगळे करण्याची ही सर्वांत भरवशाची खूण.

खरी मजा फुलांत आहे. हिवाळ्यात कोवळ्या पानांबरोबर शेपटीसारखी कणसं येतात. त्यातल्या फुलांना पाकळ्या नाहीत, हिरवी निदलंही नाहीत. एकेका फुलाला फक्त एक छोटासा छद (पानासारखा खवला), बुडाशी मधुग्रंथी आणि त्यावर एकतर पुंकेसर नाहीतर किंजपुट. दोन्ही एका झाडावर सापडणार नाहीत, कारण नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नर कणीस पिवळसर, सुवासिक, मधमाश्यांनी गजबजलेलं. त्यातलं एक फूल काढून भिंगाखाली पुंकेसर मोजा. थंड प्रदेशातल्या झुडपी विलोंत ते बहुधा दोनच असतात. वाळुंजात साधारण पाच ते दहा. जाती ठरवताना ही मोजणी फार महत्त्वाची. मादी कणीस हिरवट. त्याची इवली बोंडं पिकली की दोन शकलांत उकलतात आणि आतून कापूस लागलेल्या बिया उडतात. टेट्रास्पर्मा म्हणजे चार बियांचा, हे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने दिलेलं नाव. बोंड उकलून बिया मोजून पाहा, कधी चारापेक्षा जास्तही भरतील.

या बियांचा जीव थोड्याच दिवसांचा. तेवढ्यात ओला, उघडा गाळ मिळाला तरच रोप येतं. काठ काँक्रीटने बांधला की झाड उभं असूनही त्याची पुढची पिढी तिथे रुजत नाही. मला या नदीकाठाबद्दल सर्वांत जास्त वाटणारी काळजी हीच आहे. फांदी मात्र ओल्या मातीत खोचली की सहज मुळं धरते.

आता वर्गीकरण. पाकळ्या नाहीत, कणसं आहेत, म्हणून विलोंना पूर्वी ओक-अक्रोडांच्या जवळ बसवत आणि फुलझाडांत फार प्राचीन मानत. पुढे डीएनएच्या अभ्यासातून कळलं की ही फुलं मुळात साधी नव्हती, ती झिजत झिजत साधी झाली आहेत. आज वाळुंज कुल, म्हणजे सॅलिकेसी, माल्पिगिएलीस गणात, म्हणजे अनेक कुळांच्या एका मोठ्या गटात आहे, आणि मघाची शेरणीही त्याच गणातली. इतकंच नाही, डोंगरउतारावरचा तांबट हा काटेरी वृक्षही आता वाळुंजाच्याच कुळात आला आहे. जुन्या पुस्तकांत तो तुम्हाला वेगळ्या कुळात सापडेल. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. तो वाचताना कुलांची जुनी मांडणी लक्षात ठेवावी लागते.

वहीत तारीख, जागा, झाड नर की मादी, पुंकेसरांची संख्या, पानाच्या दोन्ही बाजू आणि कळीचं चित्र टिपा. शंका राहिली तर कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. परवानगी घेऊन तिथे तुलना करता येते. आणि पुढच्या रविवारी टेकडीवर तांबट दिसला, की त्याच्या पानाची दातेरी कड भिंगाखाली धरा. दात्यात शिरणारी शीर आणि टोकावरची ती बारीक ग्रंथी वाळुंजाच्या पानावर तुम्ही पाहिलेली असेल.